नांदूर मधमेश्वरच्या जलाशयाकाठची फेरी : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

नाशिकमध्ये पायी भटकंतीचा विषय निघाला की अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर, रामशेज अशी चढणीचीच नावे पुढे येतात. चढण झेपत नसलेल्या, गुडघे जपणाऱ्या, किंवा आजी-आजोबा आणि लहान मुले यांना एकाच वेळी सोबत नेऊ पाहणाऱ्या माणसासाठी मात्र जिल्ह्यातील सर्वांत चांगली वाट, माझ्या मते, नांदूर मधमेश्वर अभयारण्यातील जलाशयाच्या काठाने जाते. वाट सपाट आहे, दम लागण्याचे कारण नाही आणि हिवाळ्यात पाण्यावर हजारो पक्षी उतरलेले असतात. असे असूनही पहिल्यांदा जाणाऱ्यांपैकी बरेच जण "लांबवर काळे ठिपके तेवढे दिसले" असे सांगत परततात. याला कारण बहुतेक वेळा चुकीची वेळ, चढलेले पाणी किंवा डोळ्यांवर येणारे ऊन हेच असते, आणि ही तिन्ही कारणे थोड्या पूर्वतयारीने टाळता येतात. दर हिवाळ्यात नवख्या मंडळींबरोबर माझे तिथे जाणे होते. त्या अनुभवातून ही माहिती क्रमाने लिहीत आहे.

१. आधी जागा समजून घ्या

गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमाजवळ, इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत दगडी बंधारा बांधला गेला. त्याच्या डाव्या आणि उजव्या कालव्यांनी कोपरगाव, राहाता या भागाला पाणी मिळू लागले. बंधाऱ्यामागे पाणी साठले तसा नद्यांनी वाहून आणलेला गाळही साठत गेला आणि शंभर वर्षांत त्यातून उथळ पाणथळी, गाळाची बेटे आणि लव्हाळ्या-पाणकणसांची दाट बने तयार झाली. पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने गाळ ही अडचणच आहे. पण गुडघाभर पाण्यात उभे राहून चिखल चाचपणाऱ्या पक्ष्यांना नेमकी हीच जागा लागते. गंगापूरसारख्या खोल धरणाच्या काठावर जे पक्षी क्वचित दिसतात ते इथे मोठ्या संख्येने का दिसतात, याचे उत्तर या गाळात आहे.

१९८६ मध्ये हा परिसर अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्र सुमारे १०० चौरस किलोमीटर असून त्यात जलाशयाबरोबर आजूबाजूची गावे आणि शेतजमीनही येते. २०१९ मध्ये त्याची रामसर स्थळ म्हणून नोंद झाली आणि जानेवारी २०२० मध्ये तशी घोषणा झाली. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या या यादीत आलेले हे महाराष्ट्रातील पहिले ठिकाण आहे. त्या नोंदीत इथल्या पक्ष्यांच्या २६५, माशांच्या २४ आणि वनस्पतींच्या ५३६ प्रजातींचा उल्लेख आहे. शिवाय देवळालीचे नाव मिळालेला एक छोटा, अतिसंकटग्रस्त मासाही तीत आहे. आपल्या शेजारच्या गावाचे नाव लागलेला मासा जगातून नाहीसा होण्याच्या उंबरठ्यावर आहे, ही गोष्ट नाशिकमधील प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत असायला हवी, असे मला मनापासून वाटते.

२. ऋतू आणि दिवस निवडा

ऑक्टोबरच्या अखेरीस स्थलांतरित पक्ष्यांचे पहिले थवे उतरू लागतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत भरगच्च असतो आणि मार्चमध्ये पाहुणे परतीच्या प्रवासाला लागतात. पहिल्या भेटीसाठी जानेवारी निवडावा. एप्रिल-मेमध्ये ऊन सोसवत नाही. पावसाळ्यात चांदोरी-सायखेडा परिसरात गोदावरीला पूर आला की पूल आणि रस्ते पाण्याखाली जातात, म्हणून त्या दिवसांत ही सहल आखूच नये.

शक्य असेल तर कामाचा दिवस निवडा. रविवारी आणि नाताळच्या सुट्टीत शाळांच्या सहली आणि कुटुंबे यांची गर्दी होते, आवाज वाढतो आणि पक्षी काठापासून आत सरकतात. रविवारशिवाय जमतच नसेल, तर उजाडताना पोहोचून गर्दी जमायच्या आत फेरी संपवावी. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यभर पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. ५ नोव्हेंबर ही अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांची आणि १२ नोव्हेंबर ही पक्षितज्ज्ञ सालिम अली यांची जयंती. या दिवसांत जाणकार माणसे भेटण्याची शक्यता अधिक असते. पक्ष्यांची संख्या मात्र तोवर पूर्ण वाढलेली नसते.

३. निघण्याआधी पाण्याची चौकशी करा

ही पायरी जवळजवळ प्रत्येक नवखा माणूस वगळतो, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच आहे.

पावसाळ्यात "नांदूर मधमेश्वरमधून जायकवाडीकडे इतका विसर्ग" अशी बातमी आपण दर वर्षी वाचतो. हिवाळ्यातही हा जलाशय स्थिर नसतो. वरच्या अंगाला दारणा, गंगापूर अशी धरणे आहेत. शेतीचे आवर्तन, म्हणजे सिंचनासाठी ठरावीक पाळीने सोडायचे पाणी, सुटले की त्या धरणांचे पाणी नदीतून इथे येते, बंधाऱ्यामागे चढते आणि कालव्यांत सोडले जाते. पाणी चढले की गाळाची बेटे बुडतात. शेकाट्या, तुतारी, चमचा, शराटी, रोहित हे सगळे पाय बुडवून चरणारे पक्षी आहेत. त्यांच्या पायांना तळ लागेनासा झाला की ते उठून जातात. बदकांना मात्र तरंगता येत असल्यामुळे ती पाण्याच्या मध्यावर, काठापासून दूर सरकतात. अशा दिवशी गेलेल्या माणसाला दूरवर पसरलेले ठिपकेच दिसतात, यात नवल नाही.

म्हणून दोन दिवस आधी वन्यजीव विभागाच्या कार्यालयात किंवा तिथल्या एखाद्या वाटाड्याकडे दोन प्रश्न विचारा. आवर्तन चालू आहे का, आणि बेटे उघडी आहेत का? ओळखीचा कोणी शेतकरी चांदोरी, सायखेडा, करंजगाव या भागात असेल तर तोही अचूक सांगेल, कारण आवर्तनाच्या तारखा त्याला तोंडपाठ असतात. बेटे बुडालेली असतील तर सहल आठ-दहा दिवस पुढे ढकलावी. पाणी उतरू लागले की नुकताच उघडा पडलेला चिखल किडे, अळ्या आणि गोगलगायी यांनी भरलेला असतो आणि पक्षी त्यावर गर्दी करतात. तो दिवस साधला तर साध्या डोळ्यांनीही पुष्कळ दिसते.

४. नावांचा घोळ टाळा

मोबाइलच्या नकाशावर नुसते "नांदूर" टाकून निघालेली माणसे भलतीकडेच पोहोचल्याची उदाहरणे आहेत. नांदूर नाका नाशिक शहरातच आहे, नांदूर शिंगोटे सिन्नर तालुक्यात आहे आणि आपल्याला यांपैकी कुठेच जायचे नाही. दुसरा घोळ याहून सूक्ष्म आहे. अभयारण्याचे नाव नांदूर मधमेश्वर असले, तरी माहिती केंद्र, निरीक्षण मनोरे आणि पर्यटकांसाठीचे प्रवेशद्वार चापडगावच्या बाजूला आहे. नांदूर मधमेश्वर हे गाव बंधाऱ्याजवळ आहे. तिथे पोहोचल्यावर मंदिरे आणि बंधारा दिसतो, पण फेरी सुरू होत नाही. चापडगाव नावाची गावे इतरत्रही आहेत, म्हणून नकाशावर "नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्य, चापडगाव" असे पूर्ण शोधून, ठिकाण गोदावरीच्या जलाशयाला लागून आहे याची खात्री करूनच ते जतन करावे.

५. कागदपत्रे आणि सामान आदल्या रात्री भरा

कागदपत्रे मोजकीच लागतात. प्रत्येक प्रौढाचे मूळ ओळखपत्र, गाडीची आणि चालकाची नेहमीची कागदपत्रे आणि रोख सुटे पैसे जवळ असावेत. ऑनलाइन पैसे देण्याची सोय असली, तरी नेटवर्क दगा देते. शाळेचा किंवा महाविद्यालयाचा गट नेणार असाल तर मुख्याध्यापकांच्या सहीचे पत्र, विद्यार्थ्यांची यादी आणि सोबतच्या शिक्षकांची नावे आधीच वन्यजीव विभागाला द्यावीत. ऐन वेळी दारावर पन्नास मुले उभी करणे कोणाच्याच सोयीचे नसते.

सामानात सर्वांत पुढे दुर्बीण. दुर्बिणीवर ८ × ४२ किंवा १० × ५० असे आकडे असतात. पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसेल ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. नवख्या माणसाने ८ × ४२ घ्यावी. दहापट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीत हाताचा कंपही दहापट वाढतो आणि बघण्याचा टप्पा अरुंद होतो, त्यामुळे उडता पक्षी सापडतच नाही. विकत घेण्याची घाई करू नका. पहिल्या भेटीत दुर्बीण वाटाड्याकडे भाड्याने मिळते का ते विचारा, नाहीतर ओळखीच्या माणसाकडून मागून आणा.

कपडे मातकट, खाकी किंवा गडद हिरवे असावेत. पांढरा आणि लाल रंग पाण्याकाठी फार लांबून उठून दिसतो. निफाडची थंडी राज्यभर प्रसिद्ध आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील तापमान दर हिवाळ्यात बातम्यांत येते आणि थंडीच्या लाटेत पारा ५ अंशांच्याही खाली जातो. पाण्याकाठी वारा असल्यामुळे ती आणखी बोचते, तेव्हा कानटोपी आणि अंगावर एकावर एक चढवलेले, ऊन वाढेल तसे उतरवता येतील असे कपडे घ्यावेत. पायांत बंद बूट हवेत. काळी माती दवाने ओली असली की तळव्याला थरावर थर चिकटतो आणि पाय जड होतात. सुती मोज्यांत गवताची कुसळे अशी रुततात की ती उपटायलाच अर्धा तास जातो. शक्य असल्यास मोज्यांवर पँटचा काठ ओढून घ्यावा.

याशिवाय पाणी, घरचा कोरडा खाऊ, टोपी, छोटी वही, पेन्सिल आणि रिकामी पिशवी एवढे पुरे. पिशवी स्वतःचा कचरा परत आणण्यासाठी आहे. अत्तर लावू नये, कारण परिसरातील मोठ्या झाडांवर आग्यामोहळे असू शकतात आणि उग्र वासाने मधमाश्या चवताळू शकतात.

६. अंधारात निघा, पण सावकाश चालवा

नाशिकहून चापडगाव सुमारे ४० किलोमीटर आहे. छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने चांदोरीपर्यंत यावे, तिथून गोदावरी ओलांडून सायखेड्यात उतरावे आणि पुढे चापडगाव गाठावे. अंतर पाहून तासाभराची खूणगाठ बांधली जाते. हिवाळ्याच्या पहाटे मात्र सव्वा ते दीड तास हाताशी ठेवावा. नदीकाठच्या सखल भागात धुके दाटते, आणि हा ऊसतोडीचा हंगाम असल्यामुळे रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात. त्यांतील अनेकांना मागे दिवा किंवा परावर्तक पट्टी नसते. समोरच्या गाडीच्या उजेडाने डोळे दिपले असताना अशी ट्रॉली एकदम अंगावर येते, म्हणून वेग ताब्यात ठेवावा.

सार्वजनिक वाहनाने जायचे असल्यास सायखेडा किंवा निफाडपर्यंत एसटीने, किंवा मुंबई-भुसावळ मार्गावरील निफाड स्थानकापर्यंत रेल्वेने जाऊन पुढे रिक्षा करता येते. यात पहाटेची वेळ साधणे कठीण आहे. चार जणांनी मिळून गाडी करणे बरे.

७. दारावर वाटाड्या घ्या

प्रवेशशुल्क, वाहनाचे आणि कॅमेऱ्याचे शुल्क फलकावर पाहून भरावे आणि पावती फेरी संपेपर्यंत जवळ ठेवावी. त्यानंतर वाटाड्या घ्यावा. परिसरातील गावांतील तरुणच हे काम करतात. पैसे वाचवण्यासाठी त्यांना टाळणे हा खोटा हिशेब आहे, असे माझे ठाम मत आहे. कोणत्या बेटावर आज काय उतरले आहे, कोणती वाट चिखलाने बंद झाली आहे आणि कुठल्या झाडाखाली थांबले तर पक्षी बिचकत नाहीत, हे त्यांना रोजच्या वावरामुळे ठाऊक असते. तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) लावलेल्या त्यांच्या मोठ्या दुर्बिणीतून नर चक्रवाक बदकाच्या मानेवरची काळी कडी दिसते, तेव्हा इतका वेळ आपण नुसता नारिंगी ठिपका बघत होतो हे कळते. याला आणखीही एक बाजू आहे. पक्षी टिकले तर गावाला रोजगार मिळतो, हे गावातील मुलांना दिसत राहिले पाहिजे, कारण जलाशयाची खरी राखण तीच मुले करणार आहेत.

वाटाड्याला सुरुवातीलाच सांगा की, "आम्हाला गोल फेरी करायची आहे; जाताना पाण्याकडेने जाऊ आणि येताना शेतांच्या बाजूने येऊ." असे सांगितले नाही, तर बहुतेकांना जवळच्या मनोऱ्यापर्यंत नेऊन त्याच वाटेने परत आणले जाते आणि शेताकडेचे पक्षी राहून जातात. फेरीचे अंतर पाण्याच्या पातळीप्रमाणे कमी-जास्त होते, त्यामुळे ती किलोमीटरमध्ये न मोजता वेळेत मोजावी. थांबत-थांबत चालण्यासाठी तीन तास मोकळे ठेवा.

८. पाण्याकडेच्या वाटेने जाताना

इथे नियम एकच आहे आणि तो मोडला तर बाकीची सगळी तयारी वाया जाते. सूर्य पाठीशी ठेवा आणि हळू चाला. सूर्य समोर असला की पाणी चकाकते आणि प्रत्येक पक्षी काळा दिसतो. वाटेच्या ज्या टप्प्यावर ऊन डोळ्यांवर येते तिथे वेळ न घालवता पुढे जावे आणि ऊन पाठीशी आले की थांबावे.

चालताना बोलणे कुजबुजीत ठेवावे, एकामागोमाग एक चालावे आणि बोट दाखवण्यासाठी हात झटकन वर करू नये. पक्षी आपल्याला बघून काय करतात ते वाचायला शिका. आधी काठाजवळचे वारकरी, म्हणजे काळ्या अंगाचे आणि कपाळावर पांढरा टिळा असलेले पाणपक्षी, चरणे सोडून एकाच दिशेने आत पोहू लागतात. मग बदकांच्या माना सरळ ताठ होतात. त्यानंतरही तुम्ही एखादे पाऊल पुढे टाकले, तर पूर्ण थवा उठतो. वारकरी सरकू लागले की तिथेच थांबावे, जमल्यास खाली बसावे. पाच-दहा मिनिटांत माना पुन्हा खाली जातात आणि बऱ्याचदा थवा स्वतःहून थोडा जवळ येतो.

छायाचित्रासाठी मुद्दाम थवा उठवणाऱ्यांबद्दल मला तीव्र नापसंती आहे. लडाख, तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून आलेला पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेला रानहंस, इथे मार्चपर्यंत खाऊन-पिऊन परतीच्या उड्डाणासाठी अंगात चरबी साठवत असतो. प्रत्येक विनाकारण उड्डाण त्या साठ्यातून वजा होते. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना जवळ बोलावणेही असेच घातक आहे. अभयारण्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. तिथे परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही आणि वाट सोडून बेटांवर किंवा पाण्यात उतरता येत नाही.

पहिल्या फेरीत सगळे पक्षी ओळखण्याचा हट्ट धरू नका. पुढील मोजके पक्षी नीट पाहिले तरी पुरेसे आहे.

थापट्या बदकाची चोच टोकाशी पसरट असते. ही बदके जमून पाण्यात गोल-गोल फिरतात, त्यामुळे तळाचा कण-कण वर येतो, आणि चोचीच्या कडेच्या गाळणीतून ती पाणी बाहेर टाकून सूक्ष्म जीव खातात. त्यांचे हे वर्तुळ दिसले की दुर्बीण तिथून हलवू नये. तलवार बदकाच्या नराची शेपटी लांब टोकदार असते. ते चरताना डोके पाण्याखाली आणि शेपटी वर असे उभे राहते. हळदी-कुंकू बदक इथलेच रहिवासी आहे. काळ्या चोचीचे टोक पिवळे आणि मुळाशी दोन तांबडे ठिपके. मुग्धबलाक या करकोच्याच्या चोचीच्या दोन भागांमध्ये ती मिटल्यावरही फट राहते आणि तो गोगलगायी शोधून खातो. चमच्याची चोच नावाप्रमाणेच असते. ती अर्धवट उघडी ठेवून तो पाण्यात डावीकडे-उजवीकडे फिरवत चालतो. पाणवनस्पतींच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी दिसला तर त्याच्या पायांची लांबलचक बोटे पाहा. त्या बोटांमुळे वजन पसरते आणि पान बुडत नाही.

रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, बघायला मिळतीलच असे समजून जाऊ नये. ते काही हिवाळ्यांत येतात आणि पाण्याची खोली मानवली तर थांबतात. केवळ त्यांच्यासाठी गेलेला माणूस निराश होतो आणि समोरच्या बाकी पक्ष्यांकडे त्याचे लक्ष जात नाही.

९. मनोऱ्यावर घाई करू नका

निरीक्षण मनोऱ्यावर चढून, दोन छायाचित्रे काढून खाली उतरणे ही सार्वत्रिक सवय आहे. मनोऱ्यावर किमान अर्धा तास बसावे. दुर्बिणीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाण्याची रेघ हळूहळू पाहत जावी, मग बेटे, मग पाणकणसांच्या कडा. कडांवर जांभळी पाणकोंबडी आणि जांभळा बगळा हमखास सापडतो. मध्येच एका भागातील सगळे पक्षी एकदम उठले तर वर बघा. पाणकणसांवरून पंख किंचित उंचावून तरंगत जाणारा दलदली भोवत्या, ज्याला बरेच जण हॅरियर म्हणूनच ओळखतात, तिथे आला असण्याची शक्यता मोठी असते. सकाळी आठ-साडेआठच्या सुमारास आकाशावरही नजर ठेवावी. रात्री हरभऱ्याच्या आणि गव्हाच्या शेतांत चरून आलेले पट्टकादंब त्या सुमारास पाण्याकडे परततात. त्यांचा आवाज आधी येतो, रांग नंतर दिसते.

लहान मुलांना कठड्यावर चढू देऊ नका. मनोऱ्यावर पायांचा दणदण आवाज झाला तर तो पाण्यापर्यंत जातो, हेही मुलांना आधीच सांगून ठेवावे.

१०. परतीची शेतवाट

येताना पाण्याला पाठ देऊन शेतांच्या आणि बाभळींच्या बाजूने यावे. ऊन चढल्यावर पाण्यावरचे पक्षी सुस्तावतात आणि तेव्हा झाडे-झुडपे जागी असतात. वेडा राघू तारेवरून झेप घेऊन माशी पकडतो आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. नीलपंख, हुदहुद, खाटीक, सुगरणींची जुनी घरटी, कालव्याच्या कडेला एका जागी पंख फडफडवत थांबून मग सरळ सूर मारणारा कवड्या धीवर असे पुष्कळ काही या टप्प्यात दिसते.

दोन गोष्टींचे भान हवे. पहिली, ही शेते कोणाची तरी आहेत. बांधावरूनच चालावे, द्राक्षबागेत शिरू नये, हरभऱ्याचे घाटे तोडू नयेत. समोर शेतकरी दिसला तर रामराम करून पुढे जावे. अभयारण्यात शेतजमीन येत असल्यामुळे इथल्या शेतकऱ्याने बरेच निर्बंध आणि पिकांची नासाडी सोसलेली आहे, आणि आपल्या वागण्याने त्याचा त्रास वाढता कामा नये. दुसरी, निफाड-सिन्नर पट्ट्यातील उसात बिबट्याचा वावर असतो. दिवसाउजेडी गटाने चालणाऱ्यांना घाबरण्याचे कारण नाही. मात्र एकट्याने उसाच्या कडेला रेंगाळू नये, लहान मुले गटाच्या मध्ये ठेवावीत, लघवीसाठी उसात शिरू नये आणि संध्याकाळची फेरी असेल तर दिवस मावळण्याआधी दाराशी परत यावे.

११. वेळ उरला तर बंधारा

फेरी संपवून गाडीने नांदूर मधमेश्वर गावाकडे जाता येते. तिथे दगडी बंधारा आणि नदीकाठची जुनी मंदिरे आहेत. मृगव्याधेश्वराच्या स्थानाशी रामाने सुवर्णमृग झालेल्या मारीचाला बाण मारल्याची कथा जोडलेली आहे. पाणी सुटलेले असेल तर बंधाऱ्याखाली नदीपात्रात उतरू नये. शांत दिसणारी पातळी अचानक वाढते. जलाशयात पसरलेली जलपर्णी मुलांना अवश्य दाखवा. फुले सुंदर दिसतात, पण नाशिकसारख्या शहरांचे सांडपाणी घेऊन नदी इथे येते, त्या पाण्यावर ही वनस्पती माजते आणि उघडे पाणी झाकून टाकते. आपल्या घरच्या मोरीतून निघालेले पाणी शेवटी कुठे जाते, हे तिथे उभे राहून समजावून सांगता येते.

१२. नोंद त्याच दिवशी करा

वहीत तारीख, वेळ, पाण्याची स्थिती, म्हणजे बेटे उघडी होती की बुडालेली, आणि पक्ष्यांची नावे व अंदाजे संख्या लिहा. ज्याची खात्री नाही त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह करा. नाव ठाऊक नसेल तर चोच, पाय, आकार आणि तो काय करत होता एवढे टिपले तरी नंतर पुस्तकात शोधता येते. ई-बर्ड या संकेतस्थळावर किंवा त्याच्या अ‍ॅपवर ही यादी भरता येते आणि ती अभ्यासकांना उपयोगी पडते. यादी भरताना ठिकाण नकाशावरून अचूक निवडावे आणि केवळ वाटाड्याने सांगितले म्हणून, स्वतः न पाहिलेला पक्षी तीत घालू नये. दुसऱ्यांदा जाण्याआधी ही वही उघडून त्या दिवशी पाणी कसे होते ते पाहा, आणि मग तिसऱ्या पायरीत दिलेले दोन प्रश्न विचारण्यासाठी फोन करा.